कुंकू लागलेला फ्रिज

दीपक : अहो आजी, काय केलंत हे! आधी ते कुंकू पुसा बघू.

दगडाबाई : काय म्हनलास?

दीपक : कुंकू पुसा म्हटलं. आणि नारळ! टाइल्सवर नारळ फोडलात? सगळं पाणी पसरलंय. आत्ता कुणीतरी घसरून पडेल इथं.

दगडाबाई : पाडव्याचा दिस. गुढी उबी करून आलोय आमी घरनं. आन् ह्यो म्हनतो कुंकू पुसा. आक्का, ऐकलंस का?

यशोदा : ऐकलं. दगडा, तू जरा हळू बोल. शेठ, पाणी आम्ही पुसतो, फडकं द्या. कुंकू मात्र राहू द्या.

दीपक : राहू द्या कसं? डिस्प्ले पीस आहे तो. लोकांनी बघावा म्हणून दाराशी ठेवलाय.

दगडाबाई : बगितला की. पसंत पडला. म्हनून तर पूजा केली.

दीपक : पण घेतलाय कुठं तुम्ही अजून? बिल नाही, बोलणं नाही, काउंटरपाशी आलासुद्धा नाहीत. आल्या त्या सरळ पिशवीतून करंडा काढला!

दगडाबाई : आमी गेल्या साली इंदापुरात ट्रॅक्टर घेतला. तवा बी आदी पूजा आन् मंग कागुद. मुहूर्त थांबत न्हाय, कागुद थांबतोय. तिथला शेठ सोता ताट धरून उबा हुता. आमाला पेढं दिलं, चालकाला टोपी दिली.

दीपक : तो ट्रॅक्टर झाला. हा फ्रिज आहे.

दगडाबाई : मंग फ्रिज काय बाटतो व्हय कुंकवानं?

यशोदा : शेठ, नीट बोलू. मी यशोदा. ही माझी धाकटी जाऊ, दगडाबाई. इंदापूर तालुक्यातल्या कळसहून आलोय आम्ही, तुमच्या भोंग्याच्या रिक्षातली जाहिरात ऐकून. बाहेर टेम्पो उभा आहे, त्यात आमचा जुना फ्रिज आहे. तो तुम्ही घ्यायचा आणि हा अर्ध्या किमतीत द्यायचा. पैसे आणलेत मी. माझ्या पेन्शनीतले.

दीपक : हां, एक्स्चेंज ऑफर होय! मग आधी सांगायचं ना. त्याचं काय आहे आजी, ऑफर आहे, पण ह्या मॉडेलवर नाही.

यशोदा : ह्याच्या डोक्यावर पाटी कसली आहे मग? ‘जुना द्या, नवा न्या, अर्ध्या किमतीत.’ खाली बाणसुद्धा काढलाय. बाण ह्याच्यावरच आलाय.

दीपक : तो... तिथं छताला हुक होता, म्हणून पाटी तिथं लावली.

दगडाबाई : हुक हुता म्हन! उद्या म्हनशील, रस्ता हुता म्हनून रिक्षा पाठवली.

दीपक : आजी, तुमचा जुना फ्रिज किती वर्षांचा आहे?

यशोदा : आमचा इंद्रजित पाळण्यात होता तेव्हाचा.

दीपक : आणि इंद्रजितराव आता?

यशोदा : त्याची मुलगी कॉलेजात आहे.

दीपक : अहो, मग ते भंगार झालं! भंगारवालासुद्धा विचार करेल.

यशोदा : भंगार म्हणू नका. आळीतला पहिला फ्रिज होता तो. इंदापूरच्या बाजारात घेतलेला. दुकानदार स्वतः बसवून द्यायला आला होता. चहा घेतला आणि जाताना म्हणाला, ‘वहिनी, रात्रीतून बर्फ धरला नाही तर सकाळी येऊन घेऊन जातो.’ सकाळी बर्फ धरला होता. आळीतली पोरं अंगणात ओळीनं उभी होती, एकेक खडा घ्यायला. तोंडात धरायची आणि थंड लागला की हातात काढायची, हातात गार झाला की पुन्हा तोंडात.

दगडाबाई : गुरांच्या डाक्टरच्या लशी बी त्यातच असायच्या. खुरकताची साथ आली तवा समद्या आळीची जनावरं त्या फ्रिजनं वाचवली. आन् माज्या थोरलीच्या लग्नातलं श्रीखंड! सकाळी दार उगाडलं तर आतनं मांजर भाईर.

यशोदा : ते आता कशाला सांगतेस?

दगडाबाई : खरं त्ये सांगती. श्रीखंड वाढलं की तेच. कुणाला कळलं न्हाय.

दीपक : आजी, गोष्टी छान आहेत तुमच्या. पण मला गिऱ्हाइकं बघायचीत, पाडव्याची गर्दी आहे. हे घ्या आमचं पत्रक. खाली बघा. ‘अटी लागू.’ फ्रिज दहा वर्षांच्या आतला पाहिजे, चालू पाहिजे, मूळ बिल पाहिजे. आणि ऑफर त्या कोपऱ्यातल्या सिंगल डोअरवर आहे. तो निळा. छान आहे, फुलं आहेत त्याच्यावर.

दगडाबाई : त्यो? त्यो तर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढा हाय.

दीपक : दोन माणसांना पुरतो.

दगडाबाई : आमी काय दोन मानसं हाय? सुगीत दहा जनांचं जेवान असतंय आमच्यात.

यशोदा : शेठ, हे बारीक अक्षर मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. आणि हे पत्रक आमच्या गावात आलंच नाही. गावात आली ती भोंग्याची रिक्षा. तिनं अटी सांगितल्या नाहीत.

दीपक : रिक्षात एवढं कुठं सांगत बसणार?

यशोदा : गाणं तर अख्खं वाजवत होतात.

दीपक : म्हणजे आजी, रिक्षात नेमकं काय म्हटलं होतं ते तुमच्या लक्षात राहिलं नसेल. पुढं-मागं काहीतरी...

दगडाबाई : आक्काच्या ध्यानात ऱ्हात न्हाय? आता ऐकच तू. बालवाडीच्या बाई हुत्या त्या. कळसातलं निम्मं गाव हिच्यापशी बडबडगीतं शिकलंय.

यशोदा : आठवडाभर सकाळ-संध्याकाळ देवळापुढं उभी राहायची रिक्षा. म्हणून दाखवू?

दीपक : नको, नको, इथं कशाला...

यशोदा : ‘नमस्कार माता-भगिनींनो! मी दीपक बोलतोय, बारामतीचा दीपक, तुमचाच मानूस! तुमच्या घरातला जुना फ्रिज कसाबी असू द्या. चालू असू द्या, बंद असू द्या, दार निखळलेला असू द्या! पाडव्याला घेऊन या, आनी नवाकोरा डबल डोअर अर्ध्या किमतीत घेऊन जा. ह्यो दीपकचा शब्द हाय!’ मग गाणं. मग पुन्हा ‘नमस्कार माता-भगिनींनो.’

दगडाबाई : बगा, समदी हसाय लागली. आवाज बी तसाच काडला आक्कानं.

यशोदा : तो आवाज तुमचाच होता ना शेठ? आत्ता ऐकल्यावर ओळखला मी. फक्त इथं तुम्ही ‘आहे’ म्हणता आणि आमच्या देवळापुढं ‘हाय’ म्हणत होता.

दीपक : ते... ते लिहून देणारा असतो एक. तो म्हणाला, गावाकडं असं बोललं की जवळचं वाटतं.

यशोदा : वाटलं. जवळचं वाटलं म्हणून तर आले.

दीपक : आजी, एक काम करा. तुमच्या मुलाचा नंबर द्या. मी बोलतो त्यांच्याशी. त्यांना समजावून सांगतो, त्यांना पटेल.

दगडाबाई : घ्या. हितं बी तेच.

यशोदा : मुलाला सांगू नका. त्याला आधीच पटलंय.

दीपक : म्हणजे?

यशोदा : तो म्हणाला होता, ‘आई, रिक्षावरचं कधी खरं असतं का? तुला त्यातलं काय कळतंय, तू नको त्यात पडू.’ मी म्हटलं, मला कळतंय. मी टेम्पो ठरवला. चौकातली चार माणसं बोलावून जुना फ्रिज चढवला. सगळी आळी बघत होती. आता तोच फ्रिज घेऊन त्याच चौकातून परत गेले, तर त्या घरात पुढं मी तोंड उघडायचं नाही.

दीपक : असं काही नसतं हो आजी.

यशोदा : असतं. तुम्ही अजून तरुण आहात. वाईट नाहीत हो माझी माणसं. जेवायला आधी मला वाढतात. औषध संपायच्या आत आणतात. पण हे गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. घराला रंग दिला गेल्या दिवाळीला. मला रंग लागल्यावर कळला.

दगडाबाई : जांभळा दिलाय. दवाखान्यावानी दिसतंय घर.

यशोदा : म्हणून ह्या वेळी म्हटलं, एक वस्तू मी आणीन. माझ्या पसंतीची, माझ्या पैशानं. निळा फुलांचा नको मला. हा पाहिजे. तुम्ही बोलल्याप्रमाणं.

दीपक : आजी, मला वाईट वाटतं, पण धंद्याला नियम असतात. थांबा जरा. या, या काका! या काकू! कुठून, सुप्याहून? मुलीचं लग्न? वा, वा! मग डबल डोअरच बघा. हा बघा दाराशीच आहे, आजच्या आज देतो. काय? हां, ते कुंकू ना... ते पाडवा म्हणून आम्हीच...

दगडाबाई : आमी लावलंय! पाव्हणं, खोटं सांगतोय त्यो. आमी पूजा केलीया ह्या फ्रिजची. ही आमची आक्का, तिनं घेतलाय ह्यो.

दीपक : अहो, घेतलेला नाही! काका, त्यांचं ऐकू नका. पुसून देतो तुम्हाला, एकदम नवा करून.

दगडाबाई : पाव्हणीबाई, तुमीच सांगा. दुसऱ्या बाईनं कुंकू लावून पूजलेला फ्रिज, त्येच्यावरचं कुंकू पुसून, तुमी लेकीला सासरी द्याल का? बगा. मान हालवली. न्हाय म्हनत्यात.

दीपक : काकू, अहो काकू... आतमध्ये दुसरा आहे, या इकडं. काका, मॅनेजरला सांगतो, तो दाखवेल. अहो, थांबा तरी!

दगडाबाई : गेल्या न्हाईत. हात जोडाय थांबल्यात. फ्रिजवर रुपया ठिवला त्यांनी! आक्का, बग, त्या मागच्या बाईनं बी वाकून नमस्कार केला.

दीपक : देऊळ केलं तुम्ही दुकानाचं! स्वराली, ए स्वराली! फडकं आण आणि हे सगळं पूस आधी. स्वराली? मी काय म्हणतोय?

दगडाबाई : ती न्हाय पुसायची. हातात हिरवा चुडा हाय पोरीच्या, नवी नवरी दिसतीया. पाडव्याच्या सकाळी कुंकवावर फडकं फिरवंल व्हय ती? बग कशी मागं सरली.

दीपक : आण इकडं ते फडकं. मीच पुसतो.

दगडाबाई : पूस. पर पुसायच्या आदी एक ऐक. त्ये कुंकू मी न्हाय लावलं. आक्कानं लावलंय.

यशोदा : दगडा, राहू दे.

दगडाबाई : न्हाय ऱ्हायचं. आमचं थोरलं भावजी गेलं, तवापासनं हिनं करंड्याला हात लावला न्हवता. कुनाकडं हळदीकुंकू असलं की ही मागल्या दारानं जायाची, आत बसून लाडू वळायची, बायका गेल्या की भाईर यायची. बोलवून बोलवून तोंड दुखायचं आमचं. औंदा आळीतल्या बायकांनी ठरवलं की हे बंद करायचं. समद्या हो म्हनल्या, ही न्हाय म्हनली. आज सकाळी मी करंडा हिच्याच पिशवीत घातला. म्हनलं, फ्रिज तुजा, पैसं तुजं, मंग पूजा मी का करू? हितं दारात हिनं सोता करंडा उगाडला. कसंबसं बोट टेकवलं. आन् त्यावर तुज्या तोंडातनं पयला शब्द कंचा आला?

दीपक : ...मला माहीत नव्हतं.

यशोदा : तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही दुकानदार म्हणून बोललात.

दीपक : माफ करा आजी.

यशोदा : हे गेले त्या दिवशी, बाहेर ह्यांना नेत होते तेव्हा, अशीच एक बाई माझ्यापाशी आली होती. ती पण एवढंच म्हणाली. पुसा. तेव्हा मी मान पुढं केली. आज मी नाही पुसू देणार, शेठ. फ्रिज द्या, नका देऊ. पण ह्या कुंकवाला फडकं लागणार नाही.

दगडाबाई : फडकं का ठिवलंस खाली?

दीपक : काही नाही. सकाळी दुकानाची पूजा झाली. आई पण आली होती माझी. मागं उभी होती. स्टॅबिलायझरच्या खोक्यांपाशी.

यशोदा : आणि तुम्ही उभी राहू दिलीत.

दीपक : तीच म्हणाली, तुम्ही करा, मी इथं बरी आहे.

यशोदा : म्हणणारच. आम्ही सगळ्या तेच म्हणतो. ते ऐकायचं नसतं.

दीपक : ...आजी, तुमचं सगळं खरं. पण माझं पण ऐका. तुम्हाला हा दिला ना, की उद्या अख्खा इंदापूर तालुका जुने फ्रिज घेऊन माझ्या दारात उभा राहील.

दगडाबाई : ऱ्हाऊ दे की. तूच बोलावलंस.

दीपक : मी बुडेन!

यशोदा : बुडणार होतात तर शब्द द्यायचा नव्हता. भोंगा लावून दिलात तुम्ही तो. देवळापुढं उभं राहून. आम्ही मागितला नव्हता.

दीपक : अहो दादा, ते मोबाइलमध्ये शूटिंग कशाला करताय? बंद करा ते!

दगडाबाई : करू दे की. ए दादा, माजा पदर नीट दिसतोय का? जरा हिकडनं घे. फ्रिजवरचं कुंकू बी घे, आन् ती बाणाची पाटी बी.

दीपक : नको, नको, नको! दादा, हात जोडतो. बरं! बरं आजी, दिला. घ्या. अर्ध्या किमतीत दिला. झालं?

दगडाबाई : आता कसं!

दीपक : पण हा नको. गोडाउनमधून खोक्यातला नवा काढून देतो.

यशोदा : हाच पाहिजे.

दीपक : आजी, ह्याचं दार हजार लोकांनी उघडलंय.

यशोदा : असू दे. पूजा ह्याची झालीये. आणि डिस्प्लेचा म्हणून वॉरंटीत काही कमी करायचं नाही. आजच्या तारखेपासून पूर्ण लिहायची. आणि ते स्टॅबिलायझर बरोबर घ्यावंच लागेल म्हणून जे सगळ्यांना सांगताय, ते मला नको. आमच्या घरी आहे एक.

दीपक : बालवाडीच्याच बाई होतात ना तुम्ही?

दगडाबाई : व्हय. पोरं लई द्वाड असायची तवा.

यशोदा : आणि दारात जे उभे आहेत, आज जुना फ्रिज घेऊन आलेत, त्यांनाही ह्याच भावात. सुप्याच्या पाहुण्यांनी आणलाय का? हो म्हणताहेत. त्यांनाही.

दीपक : आजी!

यशोदा : शब्द मला एकटीला नव्हता दिला. माता-भगिनींनो म्हणाला होतात.

दीपक : आज जे आलेत तेवढ्यांनाच. दुपारपर्यंत. मग पाटी काढणार मी.

यशोदा : काढा. आणि रिक्षा पुन्हा फिरवा. त्याच गावांतून, तुमच्याच आवाजात. फ्रिज दहा वर्षांच्या आतला पाहिजे, चालू पाहिजे, बिल पाहिजे, मिळणार तो लहान निळा. हे आधी सांगायचं, गाणं नंतर.

दीपक : ते कशाला आता? मग कोण येणार माझ्याकडं?

यशोदा : आमच्याच तालुक्यातल्या कळंबची, नाहीतर आणखी कुठली तरी बाई अशीच टेम्पो करून येईल. तिच्याबरोबर दगडा नसेल.

दगडाबाई : आक्का...

दीपक : सोमवारपासून फिरवतो.

यशोदा : उद्यापासून.

दीपक : उद्यापासून.

दगडाबाई : टाळ्या वाजवा की वं! नुसतं बगत काय ऱ्हायलाय? हां, असं!

दीपक : पोरांनो, या इकडं. दोघं जण खालून धरा. कुंकवाला हात लावू नका, नीट. दार टेपनं बांधा, पण टेप कुंकवावर नको. खाली, खाली लावा. स्वराली, बिल कर. आणि आजी, तो नारळ तेवढा...

दगडाबाई : आता नारळाचं काय?

दीपक : प्रसाद द्या की मला. माझ्या दुकानात फोडलाय.

यशोदा : घ्या ना. हा मोठा तुकडा घ्या. आणि हा आईंना न्या. मागं खोक्यांपाशी नका देऊ. इथं पुढं बोलवा आणि त्यांच्या हातून पुढच्या गिऱ्हाइकाच्या फ्रिजला कुंकू लावून घ्या. सुप्याच्या काकू नाही म्हणायच्या नाहीत. विचारा त्यांना.

दगडाबाई : बगा, त्या हसल्या. चला म्हनत्यात.

दीपक : घरी फोन करतो. येईल ती?

यशोदा : नाही म्हणेल. तुम्ही गाडी घेऊन जा.

(नवा फ्रिज चढवलेला टेम्पो बारामतीबाहेर पडतो. पुढं चालकाशेजारी दोघी जावा.)

दगडाबाई : आक्का, रडतीस व्हय?

यशोदा : नाही गं. जुन्याला उतरवताना त्याचं हँडल हातात आलं. ह्यांनीच एकदा तारेनं बांधलं होतं ते. परत बसवून दिलं मी. म्हटलं, जायचंच आहे तर नीट जाऊ दे.

दगडाबाई : लई जीव हुता भावजींचा त्येच्यावर. उन्हाळ्यात रानातनं आलं की आदी फ्रिजचं दार उगाडायचं, आत तोंड घालून उबं ऱ्हायाचं.

यशोदा : आणि मी ओरडायची, गार हवा जाते म्हणून.

दगडाबाई : ह्या नव्याला दोन दारं हायती. दोन मानसं तोंड घालू शकत्यात.

यशोदा : तुझं आपलं काहीतरीच.

दगडाबाई : आन् काय गं, त्या शेठचा आवाज काय काडलास! ‘तुमचाच मानूस!’ माज्या पोटात दुकाय लागलं हसून. त्यो तर लालबुंद. मला तर वाटलं, आता ह्यो भोंगा लावून रडतोय.

यशोदा : वाईट नव्हता गं तो मुलगा. शिकवून ठेवलं होतं त्याला कुणीतरी.

दगडाबाई : तू समद्यास्नीच चांगलं म्हन. मी तर म्हनती... आक्का, तुजा फोन वाजतोय. पिशवीत हाय. इंद्रजित असंल.

यशोदा : त्याचाच आहे. हॅलो. हां, बोल रे... मिळाला... डबल दाराचाच. हो, अर्ध्यातच... नाही, कुणी फसवलं नाही... अरे, मी काय लहान आहे का? टेम्पोत आहे आमच्या मागं, येतोय... व्हिडिओ? कुणाच्या मोबाइलवर आला? इतक्यात?... हो, ती दगडाच पदर नीट करतेय... अरे, हसतोस काय... काय म्हणालास?... पुन्हा सांग, टेम्पोचा आवाज येतोय... हां... हां. ऐकलं. बरं, ठेव.

दगडाबाई : काय म्हनला?

यशोदा : काही नाही.

दगडाबाई : सांग की गं. रागावला व्हय?

यशोदा : नाही. सून आणि तो दोघं मिळून स्वयंपाकघर आवरताहेत म्हणे.

दगडाबाई : मंग?

यशोदा : विचारत होता, ‘आई, कुठं ठेवायचा?’

दगडाबाई : मंग तू काय सांगितलंस?

यशोदा : म्हटलं, थांबा. मी येते.